मन नसतानाची प्रीती

उपासना संपत आली होती. घोषणा झाल्या, आणि आशीर्वादाआधी पाळकांनी माझ्या मैत्रिणीचं नाव घेऊन तिला पुढे बोलावलं. तिच्या सासूबाई काही आठवड्यांपूर्वीच गेल्या होत्या. त्या अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं तिनेच केलं होतं, त्यापायी नोकरीही सोडली होती. पाळक मनापासून बोलत होते, "ख्रिस्ताची प्रीती कशी असते हे पाहायचं असेल तर आपल्या या बहिणीकडे पाहा." टाळ्या वाजल्या. ती मात्र जागची उठली नाही. मान खाली घालून गीतपुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडत राहिली, पुन्हा सरळ करत राहिली. लोकांना तो विनय वाटला. बाहेर पडल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, मला लाज वाटत होती. यांना काय माहीत, किती रात्री मी देवाजवळ हे लवकर संपू दे म्हणून मागितलंय. आईंची हाक आली की आधी राग यायचा, मग मी उठायचे. याला प्रीती म्हणतात का गं?"

तिला लगेच काही उत्तर देणं मला जमलं नाही. पण तो प्रश्न माझ्या मागेच लागला. कारण तिच्या बोलण्यात गृहीत धरलेली एक गोष्ट आपण सगळेच मनात बाळगून असतो. खरी प्रीती असेल तर करणाऱ्याला जड जात नाही, असं आपल्याला वाटतं. आईला रात्रीची जाग जड जात नाही, संताला जखमा धुणं जड जात नाही, हुतात्म्याला मरणसुद्धा जड जात नाही. जड गेलं की आपणच स्वतःवर संशय घेतो, की हे बहुधा कर्तव्य असावं, लोकलाज असावी, किंवा दुसरं कोणी करणारं नव्हतं म्हणून केलं असावं.

लहानपणी रविवारच्या शाळेत गेथशेमाने बागेचं, म्हणजे येशूने मरणाआधीच्या रात्री जिथे प्रार्थना केली त्या बागेचं, एक चित्र भिंतीवर होतं. येशू एका खडकावर हात जोडून गुडघे टेकून बसलाय, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर वरून उजेड पडलाय आणि मुद्रा अगदी शांत. त्या चित्राने माझ्या मनात इतकं घर केलं होतं की शुभवर्तमान स्वतः नीट वाचेपर्यंत ती रात्र अशीच शांत गेली असणार असं मी धरून चालले होते. मार्कने लिहिलेलं वाचलं तर तो भूमीवर पडून प्रार्थना करतो. माझा जीव मरणाइतका दुःखी झालाय, असं मित्रांना सांगतो. जवळ थांबा, जागे राहा, अशी विनवणी करतो, आणि ते झोपतात. हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही एकच मागणी तो पुन्हा पुन्हा जाऊन करतो. लूक तर लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा त्याच्या मोठ्या आक्रोशाची आणि अश्रूंची आठवण ठेवतो. या सगळ्यात ती शांत मुद्रा कुठेच नाही. जगाचा तारणारा म्हणून आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो त्याने, त्या प्रीतीचं सर्वांत मोठं कृत्य करायच्या आदल्या रात्री, हे टळलं तर बरं, असं बापाजवळ मोकळेपणाने मागितलं. मग उठून मित्रांना म्हणाला, उठा, आपण जाऊ.

माझ्या मैत्रिणीची रात्रीची प्रार्थना याहून फार वेगळी होती का?

येशूने सांगितलेला एक छोटा दाखला मत्तयाने नोंदवलाय. दोन मुलगे असतात. बाप पहिल्याला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. तो तोंडावर सांगतो, मी नाही जात. नंतर त्याचं मन पालटतं आणि तो जातो. दुसरा मुलगा अदबीने म्हणतो, जातो महाराज, आणि जात नाही. येशू ऐकणाऱ्यांनाच विचारतो, यांतल्या कोणी बापाच्या इच्छेप्रमाणे केलं? उत्तर सोपं आहे. पण मला त्या पहिल्या मुलाची वाट दिसते, घरापासून मळ्यापर्यंतची. तो काही गाणी म्हणत गेला नसणार. पाय ओढत, ऊन्ह डोक्यावर घेत, बहुधा मनात पुटपुटत गेला असणार. येशूला त्या पुटपुटण्याचं काही वाटलेलं दिसत नाही. तो गेला, एवढंच त्याने मोजलं.

मी एकदा तिच्या घरी रात्रीची थांबले होते. त्या खोलीचा वास अजून आठवतो, जंतुनाशकाचा, पावडरचा, आणि त्या दोन्हींखाली न दडणारा ओलसर चादरीचा. अंथरुणावरच्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हे मला ऐकून ठाऊक होतं. ऐकून ठाऊक असणं आणि डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा उठणं यांत किती अंतर आहे ते त्या रात्री कळलं. सासूबाई चमच्याने पलंगाच्या कडेवर टकटक करायच्या. त्यांना बोलायला त्रास होत असे. टकटक झाली की ती झटक्यात पांघरूण फेकून उठायची. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मी पाहिला, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. "आत्ताच तर केलं ना आई," असं ती जराशी खेकसलीही. पण म्हातारीच्या पाठीला हात लावण्याआधी तिने दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात चोळले. हात गार होते म्हणून. आठ्या तशाच होत्या, आणि तळवे चोळणं चाललं होतं. आपण असं काही करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तसं म्हटलं तर म्हणाली, "चोळते का मी? गार हात लागला की दचकतात त्या."

योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की आपण शब्दाने किंवा जिभेने नव्हे तर कृतीने आणि सत्याने प्रीती करावी. हे वचन आम्ही लहानपणी पाठ केलं होतं. त्यातली "कृती" म्हटली की मोठमोठी दानं, दूरदेशी जाणारे मिशनरी डोळ्यांपुढे यायचे. आता तळवे डोळ्यांपुढे येतात. त्या वचनाच्या जरा आधी योहान म्हणतो की ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण अर्पण केला, यावरून प्रीती काय ते आपल्याला कळलं, आणि आपणही भावांसाठी प्राण द्यावा. हे एवढं उंच बोलून झाल्यावर पुढच्याच वाक्यात तो उतरतो कुठे, तर ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत आणि भावाची गरज पाहूनही जो त्याचा कळवळा येऊ देत नाही, अशा माणसापाशी. प्राण देण्यापासून थेट घरातल्या चीजवस्तूपर्यंत, मध्ये पायरीच नाही. प्राण द्यायची वेळ फार थोड्यांवर येते. बाकीच्यांनी झोप द्यायची असते, वेळ द्यायचा असतो, ठरवून ठेवलेला बेत मोडायचा असतो.

तरीही इथवर आल्यावर प्रेषित पौल आडवा येतो. करिंथकरांना तो लिहितो की मी माझं सगळं धन अन्नदानात दिलं, माझं शरीर जाळण्यासाठी दिलं, आणि माझ्याठायी प्रीती नसली, तर मला काहीच लाभ नाही. म्हणजे नुसती कृतीही पुरत नाही. त्याग असू शकतो आणि प्रीती नसू शकते. हा अध्याय लग्नात वाचतात म्हणून तो गोड वाटतो, पण तो लिहिला गेला भांडणाऱ्या मंडळीला. त्याच पत्रात दोन अध्याय आधी पौल रागावलाय, कारण प्रभुभोजनाला एकत्र जमून काही जण आपलं आपलं आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा लोकांना त्याने प्रीती सहनशील आहे, ती स्वार्थ पाहत नाही, ती अपकार स्मरत नाही, असं सांगितलं. अपकार न स्मरणं अवघड आहेच. मला वाटतं, आपण केलेले उपकार न स्मरणं त्याहून अवघड. माझ्या ओळखीत एक वडीलधारे होते. त्यांनी भावंडांसाठी खरोखर खूप केलं, स्वतःचं शिक्षण सोडून त्यांना शिकवलं. पण त्याची आठवण त्यांनी कोणाला कधी विसरू दिली नाही. चार माणसं जमली की ती जुनी वही उघडायची. भावंडं त्यांच्या पाया पडत, आणि शक्य तितकं त्यांच्यापासून लांब राहत. त्यांच्या कष्टांना मी खोटं म्हणणार नाही. त्या कष्टांवर किती घरं उभी राहिली हे मी पाहिलंय. पण ते देणं संपतच नव्हतं, कारण ते दिलेलं नव्हतं, उधार होतं.

म्हणून मैत्रिणीच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं की प्रीतीला नाखुषीने बाध येत नाही, हिशेबाने येतो. राग गिळून उठलेलं माणूस प्रीतीच करत असतं, जोवर त्याची नजर समोरच्याच्या पाठीवरच्या लाल झालेल्या जागेवर आहे. ती नजर वळून स्वतःच्या त्यागावर स्थिरावली की काहीतरी निसटतं, मग चेहरा कितीही हसरा असो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मला अलीकडे त्याच्या दयेइतकंच त्याचं निघून जाणं आवडतं. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या एका अनोळखी माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर त्या माणसाला बसवलं, म्हणजे स्वतः बहुधा पायी चालला. उतारशाळेत रात्रभर सांभाळलं. सकाळी मालकाला दोन दीनार दिले. एक दीनार ही तेव्हाची मजुराची दिवसभराची मजुरी. आणि म्हणाला, याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. आकडा न ठरवता शब्द देऊन ठेवला. मग तो आपल्या कामाला गेला. अर्धमेल्या अवस्थेत सापडलेल्या त्या माणसाने त्याचा चेहरा धड पाहिला तरी होता का, हे लूक सांगत नाही. आभार मानल्याचंही कुठे नाही.

एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे, कारण ती न बोलता त्यागावर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. मंडळीत त्यागाचा उपदेश बहुतेक वेळा खाली उतरत जातो. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला सांगितलं जातं, हा तुझा वधस्तंभ आहे, उचल. घरातल्या सगळ्यांत गरीब भावाला सांगतात, तू समजून घे. शुभवर्तमानात दिशा नेमकी उलटी आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात कमरेला रुमाल बांधून पाय धुतो तो गुरू, शिष्य नव्हे. तो सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच आहे, आणि मी तुमचे पाय धुतले. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने आधी वाकायचं. आणि स्वतःच्या मरणाविषयी येशूचे शब्द स्पष्ट आहेत, कोणी माझा प्राण माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. जे दुसऱ्याकडून उकळलं जातं ते अर्पण नव्हे. मारणाऱ्याच्या हवाली एखाद्या स्त्रीला करून तिला प्रीतीचं वचन ऐकवणं हा त्या वचनाचाच अपमान आहे. तिच्यासाठी दार उघडणं, तिच्या बाजूने उभं राहून त्या घरचा रोष ओढवून घेणं, हा त्याग मंडळीच्या वाट्याचा आहे.

त्यागाच्या कथा आपण सांगतो त्या बहुधा मरणाच्या असतात. माक्सिमिलियन कोल्बे या पोलिश धर्मगुरूची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. 1941 च्या जुलैअखेर आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटल्याचं म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडलं. त्यांतला फ्रान्चिशेक गायोव्निचेक बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला न्या म्हणाले. 14 ऑगस्टला ते गेले. अन्नपाण्यावाचून ते जिवंत राहिले म्हणून शेवटी त्यांना विषारी इंजेक्शन दिलं. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण गायोव्निचेक छावणीतून सुटून घरी पोहोचला तेव्हा ज्यांच्या नावाने तो रडला होता ते त्याचे मुलगे युद्धात मारले गेले होते. बायको तेवढी होती. हे वाचलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ झाले. मग कोल्बेंनी प्राण दिला तो कशासाठी? मुलांना बाप मिळावा म्हणून दिलेला बाप मुलांपर्यंत पोहोचलाच नाही. पण तो माणूस 1995 पर्यंत जगला, नव्वदी ओलांडून. 1982 साली कोल्बेंना संत घोषित केलं त्या सोहळ्यात तो हजर होता. दिलेल्याचं पुढे काय होईल ते देणाऱ्याच्या हाती नसतं. कोल्बेंसमोर त्या क्षणी एक रडणारा माणूस होता, आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं.

याच्या शेजारी मला हवाईमधल्या मोलोकाई बेटावरची आठवण ठेवावीशी वाटते. फादर डेमियन 1873 मध्ये तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले, त्यांच्यातलेच एक झाले, आणि त्याच रोगाने 1889 मध्ये वारले. त्यांचं नाव जगभर झालं. त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी सिस्टर मेरिऍन कोप तिथे पोहोचल्या. त्या तिथेच राहिल्या, 1918 मध्ये वयाच्या 80 व्या वर्षी वारेपर्यंत. त्यांना तो रोग कधीच झाला नाही. हात धुण्याबद्दल, स्वच्छतेबद्दल त्या फार काटेकोर होत्या. जवळजवळ तीस वर्षं रोज तेच हात, तेच पाणी, त्याच पट्ट्या. त्या वस्तीतल्या मुलींना त्यांनी शिवण शिकवलं आणि त्यांनी रंगीत, छान कपडे घालावेत म्हणून धडपड केली. मला या रंगीत कपड्यांचं फार वाटतं. जखम बांधणं ही गरज होती. फ्रॉक सुंदर असावा असं वाटणं म्हणजे त्या मुलीकडे मुलगी म्हणून पाहणं. डेमियननी जीव दिला, मेरिऍननी आयुष्य दिलं, आणि स्वतःचं आरोग्य जपून दिलं. यांतलं थोर कोणतं असं मोजायला कोणी बसू नये. पण काळजी घेणाऱ्यांना मी दुसरीचंच नाव आधी सांगते, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की स्वतः मोडून पडल्याशिवाय त्याग पुरा होत नाही.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. भूक काय असते ते त्यांच्या अंगाने पाहिलं होतं. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना गोळा करून घेऊन आल्या, शेकड्यांनी. मी नेहमी त्या प्रवासाचा विचार करते. ज्या दृश्यातून एकदा जीव वाचवून माणूस बाहेर पडतं, तिथे पुन्हा आपल्या पायांनी जाताना रमाबाईंच्या पोटात काय झालं असेल?

घेणाऱ्याविषयी आपण फार कमी बोलतो. येशू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा त्यांतल्या पेत्राने पाय पुढे करायला नकार दिला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. त्याचं तसं म्हणणं मला पूर्ण समजतं. आपलं मळलेलं, वास येणारं काही दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे केवढा मान सोडावा लागतो. आयुष्यभर इतरांचं करत आलेल्या माणसाला तर फारच. पलंगाच्या कडेवर चमचा वाजवणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईलाही प्रत्येक टकटकीआधी काहीतरी गिळावं लागत असणार. तिच्या सुनेइतकंच.

शुभवर्तमानात आणखी एक माणूस आहे, ज्याच्यावर उपदेश क्वचित होतो. कुरेनेकर शिमोन. तो शेतावरून येत होता, वाटेने चालला होता, आणि शिपायांनी त्याला धरून येशूचा वधस्तंभ वाहायला लावला. त्याने स्वतःहून खांदा दिला नाही. पण मार्क त्याची ओळख आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप अशी करून देतो, म्हणजे ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांना ही मुलं ठाऊक असावीत. आपला वधस्तंभ उचल, असं इतरांना सांगणाऱ्या प्रभूलाही त्या वाटेवर दुसऱ्या माणसाचा खांदा लागला. मग माझ्या मैत्रिणीला तो लागणारच होता. टाळ्यांनी तिची एकही रात्र हलकी झाली नसती. आठवड्यातली एक रात्र कोणी घेतली असती तर झाली असती.

हे मी पाळकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि काही दिवसांनी अशा पाळ्यांसाठी एक वही केली. आमच्या मंडळीतल्या एका गृहस्थांच्या पत्नीची स्मृती गेली आहे, आणि ते एकटेच तिचं करतात. आता शनिवारी दुपारी आम्ही पाळीपाळीने तिच्याजवळ बसतो आणि ते बाहेर जातात. मला दर वेळी जावंसं वाटतं असं नाही. आठवड्याचं काम अंगावर असतं, आणि ती तेच तेच विचारत राहते, तू कोण, माझी आई कुठे गेली. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी निघता निघता मला सगळं समजावून सांगितलं. खिडकी उघडी ठेवा, बंद असली की ती घाबरते. आई कुठे गेली असं विचारलं तर गेली म्हणू नका, आईबद्दल तिलाच काहीतरी विचारा. उठवताना उजव्या खांद्याला धरू नका, तिथे जुनं दुखणं आहे, डाव्या बाजूने पाठीमागून हात घाला. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या शनिवारी जी येणार आहे तिच्यासाठी.